म्हशीचं हृदय रात्रंदिवस चालतं, मग ते तापत का नाही?

कागल तालुक्यातल्या, बीएस्सीला प्राणिशास्त्र घेतलेल्या एका मुलाचा हा प्रश्न. घरी चार पंढरपुरी म्हशी आहेत आणि मार्चपासून दुपारच्या धापा टाकतात. वर्गात सरांनी सांगितलं की हृदयाच्या स्नायूची कार्यक्षमता जेमतेम २० टक्के. त्यावरून त्याने विचारलं: उरलेली ८० टक्के ऊर्जा जाते कुठं? अंगातली ऊब हृदयातूनच येते का? आणि म्हशीच्या पाठीवर पाणी मारलं तर हृदयाला आराम पडतो का?

मी ३२ वर्षं करवीर, पन्हाळा, कागल या पट्ट्यात गुरांचा डॉक्टर म्हणून फिरतोय. तेव्हा पुस्तकातलं आणि गोठ्यातलं, दोन्ही मिसळून सांगतो.

आधी डोक्यातून इंजिन काढ. कोल्हापूरच्या माणसाला यंत्र म्हटलं की ऑइल इंजिन आठवतं, उद्यमनगरच्या खडखडाटातच आपण वाढलो. इंजिनात डिझेल जळतं, हवा तापते, फुगते आणि पिस्टन ढकलते. म्हणजे उष्णता आधी, काम नंतर. अशा यंत्राचा एक कडक नियम आहे: गरम भाग आणि गार भाग यांच्यात जेवढा फरक, तेवढंच जास्तीत जास्त काम पदरात पडतं. आता म्हशीचा हिशेब मांड. अंगाचं तापमान ३८ अंश सेल्सियस, म्हणजे ३११ केल्विन. हृदय उष्णतेवर चालणारं इंजिन असतं आणि त्याला २० टक्के कार्यक्षमता गाठायची असती, तर त्याचा गरम भाग निदान ३८९ केल्विनवर, म्हणजे ११६ अंशांवर ठेवावा लागला असता. गुऱ्हाळावर गेला असशीलच. काहिलीतला पाक गूळ म्हणून उतरवायला येतो तेव्हा साधारण एवढाच तापलेला असतो. त्यात बोट घालायची कुणाची छाती होत नाही आणि आपण हृदयाबद्दल बोलतोय. १९व्या शतकात आडोल्फ फिक या जर्मन शास्त्रज्ञाने याच धर्तीवर मांडलं होतं की स्नायू हे उष्णतेचं इंजिन असूच शकत नाही.

स्नायूत रसायनातून थेट ओढ तयार होते. एटीपी म्हणजे पेशीतलं ऊर्जेचं चलन. त्याचा रेणू फुटतो, मायोसिन या प्रथिनाचं डोकं ॲक्टिन या दुसऱ्या प्रथिनाच्या धाग्याला पकडून खेचतं, झालं. मध्ये उष्णतेचा टप्पाच नाही. उष्णता निघते ती उसाचा रस काढताना चिपाड निघतं तशी, कामाबरोबर. आणि ती एकाच वेळी निघत नाही. ए. व्ही. हिल यांनी बेडकाच्या पायाचा स्नायू घेऊन ही उष्णता मोजली, त्यासाठी त्यांना १९२२चं नोबेल मिळालं. त्यांना दिसलं की आकुंचनाच्या क्षणी एक हप्ता निघतो आणि नंतर, खर्च झालेला माल पुन्हा भरताना, प्राणवायू वापरून जवळपास तेवढाच दुसरा हप्ता निघतो. हृदयाला बिचाऱ्याला 'नंतर' असा वेळच नाही, पुढचा ठोका दारात उभा असतो. त्यामुळे त्याचे दोन्ही हप्ते एकमेकांत मिसळून वाहत राहतात.

आता आकडे. माणसाचे आकडे चांगले मोजलेले आहेत, म्हणून आधी ते घेऊ. हृदय ३०० ग्रॅमचं. निवांत बसलेल्या माणसात १०० ग्रॅम हृदय मिनिटाला ८ ते १० मिलिलिटर प्राणवायू घेतं, म्हणजे सगळं मिळून २७ धरू. एक लिटर प्राणवायू वापरला की साधारण २० किलोज्यूल ऊर्जा मोकळी होते. २७ मिलिलिटरचे झाले ५४० ज्यूल मिनिटाला, म्हणजे ९ वॅट. घरातला छोटा एलईडी बल्ब. आता बाहेर दिसणारं काम बघू. एका ठोक्याला ७० मिलिलिटर रक्त, पाऱ्याच्या ९५ मिलिमीटर दाबाविरुद्ध ढकललं तर होतात ०.९ ज्यूल. मिनिटाला ७० ठोके धरले तर एक वॅटच्या थोडं वर. उजव्या बाजूचा दाब कमी, तिची थोडी भर घाल. ९ वॅट आत, सव्वा वॅटच्या आतबाहेर काम. म्हणजे १३ टक्क्यांच्या आसपास. तुझ्या सरांचा २०चा आकडा चुकीचा नाही, तो कामाला लागलेल्या हृदयाचा आहे. बसलेल्या माणसाचं हृदय त्या मानाने उधळंच असतं.

यातली एक गोष्ट पुस्तकं घाईत सोडून देतात. तो सव्वा वॅटसुद्धा शेवटी उष्णताच होतो. हृदयाने दाब दिला, रक्त धमन्यांतून, मग केसासारख्या बारीक नळ्यांतून घासत गेलं आणि दाब संपला. संपला म्हणजे गेला कुठे? घर्षणात. रक्त काही उंचावरच्या टाकीत साठून राहत नाही, फिरून जागेवर येतं. त्यामुळे '८० टक्के जातात कुठं' यापेक्षा मी असं विचारीन की उरलेले २० टक्के कुठं जातात. तेही उष्णतेतच जातात, फक्त हृदयाच्या बाहेर, अंगभर पसरून.

मग हृदय तापत का नाही? तापलं असतं की. १०० ग्रॅम हृदय मिनिटाला १५० ज्यूलच्या आसपास उष्णता टाकतं. ती तिथेच कोंडली तर मांसाचं तापमान मिनिटाला साधारण ०.४ अंशाने चढेल, दहा मिनिटांत ४ अंश. ३८चं ४२ झालं की जनावर हातातून गेलं. पण हृदयाच्या स्वतःच्या धमन्यांतून १०० ग्रॅममागे मिनिटाला ८० मिलिलिटरच्या घरात रक्त जातं. सव्वा मिनिटात आपल्या वजनाएवढं रक्त त्यातून धुऊन निघतं म्हण ना. बरीचशी उष्णता त्या रक्ताबरोबर जाते, बाकीची भिंतीतून आतल्या कप्प्यांतल्या रक्तात आणि बाहेर फुप्फुसाकडे झिरपते. परिणाम असा की हृदयातून परतणारं रक्त आत गेलेल्या रक्तापेक्षा अंशाच्या काही दशांशानेच गरम असतं. इंजिनाला पाण्याचं जॅकेट लागतं, इथे जे पंप करायचं तेच थंड करणारं पाणी.

एकदा बोकडाचं हृदय हातात घेऊन बघ. मटणाच्या दुकानात 'दिल' म्हणून माग, काळीज मागितलंस तर यकृत मिळेल. (कवी आणि खाटीक यांचं या शब्दावर कधी एकमत झालं नाही.) पाऊणशे-शंभर ग्रॅमचं असो की दीडशेचं, वरची चरबी बाजूला करून डावीकडून उभं काप. डाव्या कप्प्याची भिंत बोटभर जाड, उजव्याची पातळ, जवळजवळ लोंबणारी. दोन्ही बाजूंनी मिनिटाला रक्त सारखंच जातं, तरी एका भिंतीवर एवढं मांस चढलंय. फरक दाबाचा. मग रंग बघ. गडद, काळपट लाल. शेजारच्या दुकानातल्या ब्रॉयलरच्या छातीशी ताडून बघ, ती फिकी गुलाबी. कोंबडीची छाती क्वचित फडफड करण्यापुरती, तिला प्राणवायूविना, उसनवारीवर चालतं. हृदयाच्या पेशीत मात्र जागेचा जवळपास तिसरा हिस्सा नुसत्या मायटोकाँड्रियांनी, म्हणजे प्राणवायू वापरून एटीपी बनवणाऱ्या कारखान्यांनी, भरलेला असतो. एटीपीचा साठा म्हणशील तर काहीच नाही, भरणा थांबला तर काही सेकंदांत खडखडाट. खाण्यात मात्र नखरे नाहीत. चरबीतली आम्लं, लॅक्टेट, ग्लुकोज, किटोन, जे रक्तात येईल ते जाळतं. म्हशीच्या रक्तात ग्लुकोज मुळातच माणसापेक्षा कमी, पण रवंथाच्या पोटातून ॲसिटेट भरपूर येतं आणि हृदय तेही चालवून घेतं.

त्या दोन भिंतींच्या जाडीत तुझ्या प्रश्नाचं खरं मर्म आहे. हृदय पैसे कशाचे मोजतं? आपल्याला वाटतं, जेवढं रक्त ढकललं तेवढ्याचे. तसं नाही. १९१५च्या सुमारास लंडनमध्ये एव्हन्स आणि मात्सुओका यांनी कुत्र्याच्या हृदयावर दाखवलं की रक्ताचं प्रमाण वाढवून काम वाढवलं तर प्राणवायूचा खर्च थोडाच वाढतो, पण दाब वाढवून तेवढंच काम वाढवलं तर खर्च भसकन चढतो. गंगावेस तालमीत किंवा तुझ्या गावच्या तालमीत जाऊन करून बघ. वीस किलोची गोणी खाली-वर केलीस तर घाम येतो. पण तीच गोणी हात लांब करून नुसती तोलून धर. भौतिकशास्त्राच्या हिशेबाने काम शून्य, कारण गोणी हललीच नाही. तुझे खांदे काय म्हणतात ते मिनिटाभरात कळेल. ताण धरून ठेवायलाच एटीपी लागतं आणि त्याचं सगळं उष्णतेत जातं. रक्त बाहेर पडायच्या आधी झडपा बंद असताना हृदय हेच करतं, गोणी तोलून धरतं.

म्हणून खर्च वाढवणाऱ्या गोष्टी कोणत्या? दाब, ठोक्यांची संख्या आणि हृदयाचं फुगणं. फुग्याचा नियम आठव: आकार वाढला की तेवढाच दाब राखायला भिंतीला जास्त ताण द्यावा लागतो. तार गिळलेल्या म्हशी आमच्याकडे येतात. पेंडीत, चाऱ्यात आलेली तार जाळीपोटातून पुढे सरकून हृदयाच्या आवरणात घुसते, आवरणात पू-पाणी साठतं, हृदयाला भरायलाच जागा उरत नाही. मग ते लहान लहान ठोके घेत मिनिटाला शंभराच्या वर पळतं. मानेची शीर दोरासारखी फुगते, गळ्याखालच्या पोळीत पाणी साठतं. प्रत्येक ठोक्याचा ठरलेला खर्च आहेच, त्यातून पुढे जाणारं रक्त मात्र चमचाभर. ऊर्जेच्या भाषेत यापेक्षा वाईट धंदा नाही.

'ठरलेला खर्च' म्हणालो, त्याचा उलगडा करतो. मेलबर्नच्या मोनाश विद्यापीठात कॉलिन गिब्ज यांनी १९६०च्या दशकापासून सशाच्या हृदयातला काडीसारखा बारीक पॅपिलरी स्नायू तापमापक पट्टीवर ठेवून एकेका ठोक्याची उष्णता मोजली. एका ठोक्याने तापमान चढतं ते अंशाच्या काही हजाराव्या भागाने, यावरून कामाची नजाकत समज. त्यातून खर्चाची तीन खाती निघाली. पहिलं, नुसतं जिवंत राहण्याचं. पोटॅशियम देऊन हृदय थांबवलं तरी चालत्या हृदयाच्या साधारण पाचव्या हिश्शाएवढा प्राणवायू ते घेतच राहतं. पायाच्या स्नायूच्या मानाने हे भाडं फारच महाग. दुसरं, कॅल्शियमचं. प्रत्येक ठोक्याला पेशीच्या आतल्या कोठारातून कॅल्शियम बाहेर सोडायचं आणि ठोका संपताच पंप लावून परत भरायचं. स्नायूने ओढ अजिबात धरू नये अशी व्यवस्था केली तरी हा खर्च उरतो, तसाच तो वेगळा काढता आला. तिसरं आणि सर्वांत मोठं खातं, मायोसिनच्या खेचाखेचीचं.

कॅल्शियमच्या खात्याची गंमत समुद्रात बघायला मिळते. तलवार माशाच्या डोळ्यामागचा एक स्नायू खेचायचं कामच विसरलाय. तो फक्त कॅल्शियम आत-बाहेर करत बसतो आणि त्या उष्णतेवर मेंदू आणि डोळे गरम ठेवतो. म्हणजे निसर्गाला स्नायूपासून शेगडी करायची झाली तर ती कशी करायची ते माहीत आहे. हृदयाची शेगडी त्याने केलेली नाही. ट्यूना मासा घे, पोहण्याचे स्नायू पाण्यापेक्षा कितीतरी गरम आणि हृदय मात्र पाण्याएवढंच थंड, कारण त्याला मिळतं ते कल्ल्यांतून गार होऊन आलेलं रक्त.

आता गोठ्यात ये. जानेवारीतली रात्र होती, पन्हाळ्याच्या खालच्या अंगाच्या एका गावातून फोन आला. "डाक्टर, म्हस गार पडलीया, उठंना." दोन दिवसांपूर्वी व्यालेली, चांगली दुधाची म्हैस. गेलो तर मान कुशीला वळवून बसलेली, कान हातात घेतले तर मडक्यासारखे थंड, शेण बंद. थर्मामीटर ३७च्याही खाली. या रोगाचं नाव दुग्धज्वर. ज्वर नावापुरता, अंग उलट गार. कॅल्शियम एकदम दुधात निघून जातं, रक्तातलं खाली येतं, स्नायू ढिले पडतात. डाव्या कोपराच्या मागे स्टेथोस्कोप लावला तर ठोके नव्वदच्या घरात, पण आवाज रजईआडून आल्यासारखा. जवळ असूनही ऐकू येईना. कॅल्शियमची बाटली कोमट पाण्यात ठेवून अंगाच्या तापमानाला आणली, शिरेतून लावली आणि पंधरा मिनिटं एक हात नळीवर, कान स्टेथोस्कोपवर. ही घाई करायची जागा नाही. कॅल्शियम जोरात गेलं तर हृदय आखडून जागेवर थांबतं. अर्धी बाटली संपता संपता आवाज स्वच्छ झाले, ठोके सत्तरवर उतरले, पुठ्ठ्याचे स्नायू थरथरायला लागले. मग ढेकर आली, शेण टाकलं. मालकिणीने कान धरून बघितला आणि म्हणाली, "आलं गं बाई ऊन."

ते ऊन कुठून आलं? लक्षात घे, हृदयाचे ठोके त्या वेळी कमी झाले होते. हृदय जास्त तापून कान गरम झाले नाहीत. थरथरणारे स्नायू, पुन्हा हलायला लागलेलं पोट, यकृत यांनी उष्णता केली आणि जोरकस झालेल्या ठोक्याने ती कानाच्या टोकापर्यंत नेऊन पोचवली. अंगाच्या उबेत हृदयाचा वाटा चुलीचा कमी आणि पाणक्याचा जास्त.

किती कमी, त्याचा ढोबळ हिशेब माझा मी केलाय, जुळवून बघ. ४५० किलोची पंढरपुरी म्हैस, हृदय दोन किलोच्या आसपास. मिनिटाला ३० लिटर रक्त, सरासरी दाब पाऱ्याचे १०० मिलिमीटर धरला आणि उजव्या बाजूची भर घातली तर बाहेरचं काम ८ वॅट येतं. सरांच्या २० टक्क्यांनी भाग, खर्च ४० वॅट. दुसऱ्या वाटेने, प्राणवायूवरून काढलं तर पन्नासच्या आसपास येतं. दुधातली म्हैस सगळी मिळून ७००-८०० वॅट उष्णता टाकते. म्हणजे हृदयाचा वाटा २० रुपयांत रुपया-सव्वा रुपया. बाकीचे कोण? रवंथाच्या पोटात आंबणारा चारा, ज्याचं तापमान गुदद्वाराच्या थर्मामीटरपेक्षा सहसा थोडं चढं असतं, मग यकृत, आतडी, दूध तयार करणारी कास आणि उभं राहायला लागणारे स्नायू. मिनिटाला ६०० ठोक्यांचा उंदीर किंवा आपल्या चिचुंद्रीची दोन ग्रॅमची भावकी, इट्रुस्कन श्रू, जिचे ठोके १५००पर्यंत जातात, यांचा विचार केलास तर ग्रॅममागे हृदयाची उष्णता म्हशीच्या कितीतरी पट होईल. ठोक्यागणिक खर्च फारसा वेगळा नाही, ठोकेच जास्त आहेत. आणि एवढ्याशा अंगातून ती निसटायलाही वेळ लागत नाही.

पाडव्याला म्हशी पळवतात तेव्हा मी एक-दोनदा पळून आलेल्या म्हशीला स्टेथोस्कोप लावलाय, मालकाची नजर चुकवून नव्हे, परवानगीने. ठोके शंभरच्या बरेच पुढे. हृदयाचा खर्च दुपटीच्या वर गेला असणार. पण त्याच वेळी पायांच्या स्नायूंनी एवढी उष्णता ओतलेली असते की हृदयाचा वाटा त्यात शोधावा लागतो.

तुझ्या म्हशींच्या धापांचं कारण हे. कातडी काळी, केस विरळ, घामाच्या ग्रंथी गाईपेक्षा बऱ्याच कमी. आत ७०० वॅट तयार होतात आणि बाहेर जायची वाट अरुंद. मग शरीर रक्त कातडीकडे वळवतं, की तिथून उष्णता निघून जावी. कातडीच्या नळ्या उघडल्या की तेवढा दाब टिकवायला हृदयाला जास्त रक्त फिरवावं लागतं, ठोके चढतात. म्हणजे उन्हाळ्यात हृदयाचं काम वाढतं ते स्वतःच्या उष्णतेमुळे नव्हे, दुसऱ्यांची उष्णता वाहून न्यायची म्हणून.

पाणी मारल्याने आराम पडतो, हो. ओल्या कातडीवरून पाणी उडताना जी उष्णता जाते तेवढं रक्त कातडीकडे पाठवायची गरज कमी होते. पण नुसती बादली ओतून बंदिस्त पत्र्याखाली बांधलीस तर उपयोग अर्धा, हवा फिरती हवी. पत्र्यावर उसाचा पाला टाक. ओला चारा आणि पेंड दुपारऐवजी पहाटे आणि रात्री दे, म्हणजे पोटातलं आंबणं भर उन्हात शिगेला जाणार नाही. याचा फरक हृदयावर बादलीपेक्षा जास्त पडतो, असा माझा अनुभव आहे. डुंबायला तळं असेल तर प्रश्नच मिटला.

तुला प्रकल्प हवा असेल तर स्टेथोस्कोपही लागणार नाही. शेपटी उचल, बुडापासून वीतभर खाली, आतल्या बाजूला मधोमध दोन बोटं ठेव. धमनी लागेल. पूर्ण मिनिट मोज, पंधरा सेकंदांचे चौपट करू नकोस, म्हशीचे ठोके संथ असल्याने चूक मोठी होते. सावलीत निवांत उभ्या म्हशीचे चाळीस ते साठ यायला हवेत. दुपारी दोनला एकदा, पाणी मारून अर्ध्या तासाने पुन्हा, आणि रात्री दूध काढायच्या आधी, असं चारही म्हशींचं आठ दिवस वहीत लिही. शेजारी छातीचा भाता मिनिटाला किती वेळा हलतो तेही मांड. आणि मोजताना मागे नको, कुशीला उभा राहा.